खेळघर तीन वाजता उघडतं

निर्वासितांच्या मुलांशी फुकट खेळायचं असलं तरी जर्मनीत आधी चारित्र्याचा दाखला लागतो. साधा चालत नाही, विस्तारित लागतो. लहान मुलांसोबत काम करणाऱ्या प्रत्येकाकडून तो मागतात, मग तुम्ही पगारी असा की हौशी. साध्या दाखल्यात न दिसणारे लैंगिक गुन्ह्यांचे काही जुने निकालही त्यात दिसतात, म्हणून हा आग्रह. संस्थेचं पत्र असेल तर स्वयंसेवकांना फी माफ असते. पण ऑनलाइन अर्ज जमला नाही, तर ब्युर्गरआम्टची, म्हणजे आपल्या वॉर्ड ऑफिसची म्हणा, अपॉइंटमेंट लागते, आणि बर्लिनमध्ये ती मिळवणं हा एक स्वतंत्र छंद आहे. पहाटे चहा उकळेपर्यंत साइट रिफ्रेश करत बसायचं. मिळते ती शहराच्या दुसऱ्या टोकाला. दाखला मग यथावकाश बॉनहून टपालाने येतो.

दुसरा कागद गोवराचा. १ मार्च २०२० पासून इथे कायदा आहे. शाळा, पाळणाघरं, निर्वासितांची निवासस्थानं अशा ठिकाणी काम करणारा माणूस १९७० नंतर जन्मलेला असेल, तर त्याने गोवराचे दोन डोस घेतल्याचा किंवा रक्तात प्रतिकारशक्ती असल्याचा पुरावा द्यायचा. मी कोल्हापूरला आईला फोन लावला. "तुझं कार्ड? ट्रंकेत असंल बघ, गादीखालच्या," असं म्हणून तिने तासाभरात व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. पिवळं पडलेलं कार्ड, नवव्या महिन्यात टोचलेला एक डोस, खाली नर्सबाईंची सही. दुसरा डोस नाहीच. असणार कुठून? आपल्या सरकारी लसीकरणात तो २०१० नंतर आला, त्यामुळे माझ्या वयाच्या पुष्कळांकडे एकच नोंद सापडते. इथल्या डॉक्टरीणबाईंनी त्या मराठी कार्डाकडे कौतुकाने पाहिलं आणि बाही वर करायला सांगितली.

हे सगळं सुरू असताना पुण्याची मावशी म्हणाली, "तुला काय गरज पडलीय गं? स्वतःचं आवर आधी." तिचं चूक नव्हतं. मी अर्धवेळ हिशेबाचं काम करते, जर्मन बरी येते, पण शिक्षिका नाही की समाजसेविका नाही. २०२२ च्या मार्चमध्ये युक्रेनमधून निघालेल्या गाड्या पोलंडमार्गे बर्लिनच्या मुख्य स्टेशनात येऊन थांबायच्या, तेव्हा आमच्या इमारतीतले अर्धे लोक तिथे सँडविच वाटायला गेले होते. मी दोनदा गेले आणि लक्षात आलं की ते काम करायला माणसं आहेत. महिन्याभरात ती पांगतील. त्यानंतर काय, हे कोणी विचारत नव्हतं.

मावशीला मी एकच गोष्ट सांगितली, ती गप्प बसली. कोल्हापूरला कपड्यांची खरेदी म्हटली की गांधीनगर. लग्नाचा बस्ता असो की दिवाळी, आम्ही तिथेच. ते गांधीनगर मुळात वळिवडे गावाजवळचं निर्वासितांचं कॅम्प होतं. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियातून सुटून आलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक, त्यात बायका आणि मुलंच जास्त, १९४३ ते १९४८ या काळात तिथे राहिले. त्यांची शाळा होती, चर्च होतं. ते गेले आणि फाळणीत घरदार सोडून आलेली सिंधी कुटुंबं तिथे वसली. इतकी वर्षं तिथे साड्या घेतल्या, एकदाही मनात आलं नाही.

तर बर्लिनच्या पूर्व भागातल्या, एकेकाळी कचेरी असलेल्या एका पाच मजली इमारतीत मी जाऊ लागले. इथे युक्रेनची कुटुंबं आहेत, सीरिया आणि अफगाणिस्तानची आहेत, तुर्कस्तानातले कुर्द आहेत, मोल्दोवाचीही आहेत. अल्पवयीन मुलं असलेल्या आश्रयार्थी कुटुंबांना पहिल्या स्वागतकेंद्रात जास्तीत जास्त सहा महिने राहायची सक्ती करता येते, असं कायदा म्हणतो. पण तिथून सुटलं तरी बर्लिनमध्ये भाड्याचं घर मिळत नाही. इथल्या नोकरदारांनाही मिळत नाही, तर यांना कोण देतो? मग आमच्यासारख्या इमारतीत वर्ष सरतं, दोन सरतात. एका कुटुंबाला एक खोली, कधी दोन. स्वयंपाकघर सामायिक. मुलांना पळायला कॉरिडॉर, आणि तिथे पळायला बंदी.

तळमजल्यावरचं खेळघर म्हणजे पूर्वीची मीटिंगची खोली. सकाळी दहा ते बारा शाळेत न जाणाऱ्या लहानग्यांसाठी, दुपारी तीन ते सहा शाळेतून येणाऱ्यांसाठी. शाळा सर्वांना सक्तीचीच आहे, पण 'स्वागतवर्गा'त, म्हणजे नव्याने आलेल्या मुलांना आधी जर्मन शिकवणाऱ्या वर्गात, जागा रिकामी व्हायला वेळ लागतो, आणि बालवाडीसाठी आधी शहराचं कूपन काढायचं आणि मग ते घेऊन बालवाड्यांची दारं ठोठावत फिरायचं. तोवर मुलं आमच्याकडे.

खेळघराच्या प्रमुख बाई पन्नाशीच्या, व्यवसायाने शिक्षणतज्ज्ञ, बोलायला तुटक. पहिल्या बैठकीत त्यांनी आम्हा नव्या लोकांना काय करायचं हे जवळपास सांगितलंच नाही. काय करायचं नाही ते सांगितलं. कुठून आलास, कसा आलास, बाबा कुठे आहेत हे विचारायचं नाही. मूल आपणहून बोललं तर ऐकायचं, खणायचं नाही. फोटो काढायचा नाही, कुणाच्याही परवानगीने नाही. मुलासोबत एकट्याने खोलीत राहायचं नाही, दोन मोठी माणसं नसतील तर खेळघर उघडायचंच नाही. मूल आपणहून आल्याशिवाय मांडीवर घ्यायचं नाही. एकाला चॉकलेट, एकाला भेट, असलं काही नाही. "उद्या भेटू" असं म्हणायचं नाही, उद्या तुमची पाळी असेल आणि तुम्ही नक्की येणार असाल तरच म्हणायचं. अंगावर वळ दिसले, वागण्यात काही खटकलं, तर मुलाची उलटतपासणी न घेता लिहून ठेवायचं आणि त्याच दिवशी बाईंच्या कानावर घालायचं.

आणि मग त्या म्हणाल्या, "वेळेवर या. बाकी सगळं मुलं शिकवतात."

मला ते वाक्य तेव्हा जर्मन शिस्तीचं वाटलं. पुढे कळलं की सगळं काम त्यातच आहे. अशा जागांची कल्पना तशी फार जुनी नाही. १९९९ मध्ये कोसोवोतून अल्बेनियात आलेल्या मुलांसाठी युनिसेफने बालस्नेही जागा उघडल्या तिथपासून ती रुळली. २०१६ मध्ये जर्मनीच्या कुटुंब मंत्रालयाने आणि युनिसेफने निर्वासितांच्या निवासांसाठी किमान मानकं ठरवली, त्यातही ती आहे. कागदावर बरंच काही आहे: सुरक्षितता, विकास, सहभाग. प्रत्यक्षात मुलांना हवं असतं ते एवढंच, की दार तीन वाजता उघडावं. अडीचपासून पाच-सहा जण बाहेर जमिनीवर बसलेले असतात. तीन वाजून दोन मिनिटं झाली की दारावर थापा. ज्यांच्या आयुष्यात खोली, शाळा, देश, शेजारी सगळं कुणीतरी तिसराच ठरवतो, त्यांच्या लेखी ती दोन मिनिटं फार मोठी असतात.

आत आल्यावर बूट काढायचे, रॅकवर ठेवायचे, हजेरीच्या पाटीवर आपल्या चित्राचं लोहचुंबक लावायचं. प्रत्येकाचं चित्र ठरलेलं: ससा, ट्रॅक्टर, कलिंगड. नाव लिहायचा प्रश्न नाही, कारण लिप्याच वेगवेगळ्या. शेवटची दहा मिनिटं आवरण्याची, मग गोल बसून एक गाणं, मग लोहचुंबक काढून डब्यात. सुरुवातीला मला हे फार शाळकरी वाटलं. कलिंगडवाली एकदा आजारी होती, तर बाकीच्यांनी तिचं कलिंगड पाटीच्या कोपऱ्यात, तिच्या खोलीच्या दिशेने लावून ठेवलं होतं. त्यानंतर मी तक्रार केली नाही.

खेळणी कोणती चालतात? दान म्हणून येतात ती बहुतेक चालत नाहीत. बॅटरीवर बोलणारी अस्वलं, अर्धी कोडी, तुकडे हरवलेली. चालतात त्या सुट्या लाकडी पट्ट्या. एकसारख्या, शेकडो. त्यांना भाषा लागत नाही आणि त्या पाडता येतात. दुसरं म्हणजे ब्युगलपेर्लेन. प्लास्टिकचे बारीक पोकळ मणी खुंट्यांच्या फळीवर रचायचे, वर कागद ठेवून इस्त्री फिरवायची, मणी वितळून चिकटतात. इस्त्री फक्त मोठ्यांच्या हातात. त्यामुळे रांग लागते आणि रांगेत गप्पा होतात. मुलगे आधी झेंडे करतात. एका मुलाने निळा-पिवळा केला, दुसऱ्याने त्यालाच शेजारी एक वेगळा करून दिला, दोघांची त्यावरून जुंपली, आणि मग दोघांनी मिळून फुटबॉल क्लबाचं बोधचिन्ह केलं. यावर मोठ्यांनी काही बोलायचं नसतं.

बॉबी-कार नावाची लाल प्लास्टिकची गाडी आहे, जर्मनीतल्या प्रत्येक बालवाडीत असते तीच. पायाने ढकलत जायचं. आमच्याकडे दोन आहेत आणि मागणारे पंधरा. वाळूचं घड्याळ उलटं करून पाळ्या लावल्या, तेव्हा कुठे मारामाऱ्या थांबल्या. वरच्या मजल्यावर रात्रपाळी करून झोपलेला एक बाप आहे, त्या चाकांचा आवाज त्याला सहन होत नाही. त्याचंही बरोबर आहे. मग चाकांना जुन्या सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या चिकटवल्या. आवाज थोडा कमी झाला, फार नाही.

खेळ बघताना बाहेरचं आत कसं येतं ते दिसतं. सगळ्यात लोकप्रिय खेळ कोणता, तर 'ऑफिस'. एक सात-आठ वर्षांची मुलगी टेबलामागे बसते, कागदाच्या चिटोऱ्यांवर लाकडी ठोकळ्याने शिक्के मारते. समोर बाकीच्यांची रांग. प्रत्येक जण काहीतरी कागद देतो, ती मान हलवते आणि म्हणते, "एक कागद कमी आहे. पुन्हा या." कडक जर्मनमध्ये, हुबेहूब टोन. रांगेतले खूश. कुणी रडायचा अभिनय करतो, कुणी बाळ, म्हणजे बाहुली, पुढे करतो. ती ढिम्म. एकदा मी रांगेत उभी राहिले, तर माझ्या कागदावर तिने बराच वेळ विचार करून शिक्का मारला आणि म्हणाली, "तुम्हाला तीन महिने." मोठी माणसं याकडे बघून गहिवरतात. मुलं गहिवरत नाहीत, त्यांना तो खेळ आवडतो कारण शिक्का त्यांच्या हातात असतो.

माझ्याकडचं काय द्यावं हा प्रश्न होताच. मराठी गाणी वगैरे मी काढली नाहीत, आधीच भाषांचा गलका. पण एके दिवशी बाहेरच्या कुंडीतले पाच गुळगुळीत खडे उचलून सहज सागरगोटे खेळायला बसले. एक वर उडवायचा, खालचा उचलायचा, वरचा झेलायचा. दोन डाव झाले नसतील, तोच एक अफगाण मुलगी समोर मांडी घालून बसली. तिने खडे ओढून घेतले आणि असे काही फिरवले की मी बघतच राहिले. तीन खडे मुठीत, चौथा हवेत, पाचवा बोटांच्या कमानीतून आत. दारात धाकट्याला घ्यायला आलेल्या एका कुर्द आजी आत आल्या, खाली बसल्या, "बेश ताश," म्हणाल्या, म्हणजे पाच दगड, आणि त्यांनी आम्हा दोघींनाही हरवलं. आजी एरवी कुणाशी बोलत नसत. मग मंगळवारी त्या स्वतःचे खडे घेऊन यायला लागल्या, रुमालात बांधलेले. माझे त्यांना पसंत नव्हते, फार हलके म्हणाल्या.

सगळ्यात अवघड गट दहा ते तेरा वर्षांच्या मुलग्यांचा. त्यांना बाळांचं खेळघर नको असतं आणि दुसरी जागाही नसते. ते दारात उभे राहतात, लहानांचे मनोरे पाडतात, शिव्या सगळ्या भाषांतल्या येतात. त्यांना हाकलायचं नाही, काम द्यायचं. हॉलंडहून दान आलेल्या एका जुन्या सायकलपासून सुरुवात झाली, आता शुक्रवारी सायकल दुरुस्तीचं टेबल असतं. पंक्चर काढणं, चेन बसवणं. घरची भाषांतरंही हेच करतात, आईसोबत दवाखान्यात जातात, सरकारी पत्रं वाचतात. बारा वर्षांच्या मुलाला भाडेकराराची पत्रं समजावून सांगावी लागत असतील, तर तो मनोरा पाडणारच.

सप्टेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी जर्मनीत इशारा दिन असतो. सकाळी अकरा वाजता देशभरातले फोन एकदम कर्कश वाजतात, काही ठिकाणी भोंगेही. आपत्तीच्या वेळी यंत्रणा चालते का, ते तपासायला. आम्ही आठवडाभर आधी चार भाषांत कागद लावले होते, आयांना सांगितलं होतं, मुलांना फोनवर तो आवाज हळू ऐकवला होता. स्वतःचे फोन आम्ही बंद करून ठेवले होते. पण भिंती पातळ. अकराला शेजारच्या खोल्यांतून, वरून, जिन्यातून तो आवाज आला. लाकडी पट्ट्यांशी खेळत असलेला खारकिवचा एक पाच वर्षांचा मुलगा उठला. रडला नाही, ओरडला नाही. रॅकपाशी गेला, बूट घातले, डावा-उजवा बरोबर. जाकीट घातलं. मग वळून धाकट्या बहिणीचा हात धरला आणि दाराशी येऊन उभा राहिला. आमच्याकडे बघत, की चला, तुम्ही का थांबलाय?

बाई त्याच्यासमोर उकिडव्या बसल्या. "हा सराव आहे, खाली जायची गरज नाही" असं त्यांनी मोडक्या रशियनमध्ये सांगितलं. त्याला पटलं नाही. मग त्यांनी स्वतःही जाकीट घातलं आणि दोघांना घेऊन जिन्याने तळघराच्या दारापर्यंत गेल्या, दार उघडून आतल्या सायकली दाखवल्या, आणि परत आल्या. पाच मिनिटं लागली असतील. त्याने जाकीट काढलं, बूट रॅकवर ठेवले. मी तोवर त्याचा मनोरा तसाच राखून ठेवला होता, दुसऱ्यांना हात लावू दिला नव्हता. त्याने येऊन तो स्वतःच पाडला आणि नवीन सुरू केला.

थर्टी फर्स्टचे फटाके हे दुसरं संकट. इथे फटाके वर्षअखेरच्या दोन-तीन दिवसांतच विकतात, त्यामुळे सगळं शहर एका रात्रीत वर्षाची हौस भागवतं. आम्हा दिवाळीवाल्यांना त्याचं काही वाटत नाही. इथे मात्र डिसेंबरभर तयारी करावी लागते: फटाक्यांचे आवाज कमी करून ऐकायचे, चित्रं काढायची, कानावर लावायचे हेडफोन गोळा करायचे. त्या रात्री काही कुटुंबं रस्त्याकडेची खोली सोडून आतल्या कॉरिडॉरमध्ये गाद्या टाकून झोपतात.

मुलं जातात ती न सांगता. घर मिळालं, बदली झाली, कधी परत पाठवलं गेलं. सोमवारी ट्रॅक्टरचं लोहचुंबक डब्यात पडलेलं असतं आणि कुणीतरी सांगतं की रविवारी गाडी आली होती. पहिल्या वेळी मला फार लागलं. महिन्यातून एकदा आमच्यासाठी एक बाहेरची समुपदेशक येते, तिच्याशी याविषयी बोलता येतं. एकाने विचारलं की निरोपाचा काही विधी करूया का. ठरलं असं, की ज्यांचं जाणं आधी कळेल त्यांना त्यांचं लोहचुंबक घेऊन जाऊ द्यायचं. न कळलेल्यांची वेगळ्या डब्यात राहतात. नव्या मुलाला जुनं चित्र देत नाही, त्यामुळे आता प्राणी संपत आलेत. परवा एकाला कोबी दिला. त्याला आवडला.

माणसांचा प्रश्न मात्र कायमचा आहे. नाताळच्या आधी आमच्याकडे एवढे लोक येतात की उभं राहायला जागा नसते. कंपन्यांचे गट एक दिवस भिंत रंगवायला येतात, टीशर्ट घालून. भिंत दर वर्षी रंगते, फेब्रुवारीत मंगळवारी कोण येणार, ते कुणाला माहीत नसतं. एकदा येऊन पोतंभर खेळणी देणाऱ्या माणसाचा मला राग येत नाही, पण त्याच्या जाण्यानंतर पुढचे दोन तास कुणाला काय मिळालं याची भांडणं आम्ही सोडवतो. दोन मोठी माणसं नसतील तर दार उघडत नाही, हा नियम बरोबर आहे. पण त्यामुळे बंद दारासमोर बसलेल्या मुलांना "आज नाही" असं जाऊन सांगावं लागतं, आणि ते सांगायला मी एकटी जाते.

मराठी मंडळाच्या गणपतीत मी हे चार जणांना सांगितलं. त्यातली एक आता बुधवारी येते. तिला जर्मन फार येत नाही, पण पंक्चर उत्तम काढते. तुम्ही बर्लिनमध्ये असाल आणि यायचा विचार असेल तर दाखल्याची अपॉइंटमेंट आजच शोधायला लागा, लसीचं कार्ड आईकडून मागवून घ्या, आणि आठवड्यातला एकच वार निवडा, पण तो वर्षभर जमेल असा निवडा. सोमवार सध्या रिकामा आहे.